आधी दगड, मग वीर

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक म्हातारा येऊन राहिला. कुठून आला हे त्याने सांगितले नाही आणि गावानेही फार खोदून विचारले नाही. वेशीबाहेरच्या पडक्या धर्मशाळेत तो राही, येतील त्या पोरांना अक्षरे शिकवी, दुखल्याखुपल्याला पाला वाटून देई. लोक त्याला बाबा म्हणत. त्याच्याकडे शिकायला येणाऱ्यांत भिवरा नावाची एक तरुण मुलगी होती, डोक्याने तल्लख आणि तोंडाने फटकळ. बाबांचे वाक्य संपायच्या आत तिचा प्रश्न तयार असे, आणि उत्तर लांबले की ती सरळ जांभई देई.

हे गाव पंचक्रोशीत ओळखले जाई ते वेशीवरच्या वीरगळांमुळे. पुरुषभर उंचीचे, शेंदराने माखलेले दगड ओळीने उभे होते. प्रत्येक दगडावर खाली भाला उगारलेला वीर, मधल्या पट्टीत त्याला हाताला धरून नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर. असे दगड पुष्कळ गावांत असतात. इथे एकच गोष्ट वेगळी होती. भाल्याच्या टोकासमोर शत्रू नव्हता. तेवढी जागा पाथरवटाने कोरी सोडलेली होती.

कारण शत्रू कोणी पाहिलाच नव्हता. त्याला नावही नव्हते. गाव त्याला नुसते 'वरचा' म्हणे. पौषात धुके घाटावरून खाली ओघळू लागले की वरचा ओरडू लागे. आधी रिकाम्या रांजणात कोणी फुंकर घालावी तसा, मग म्हैस हंबरावी तसा, आणि शेवटी माणसाने माणसाला हाक मारावी तसा. ज्या घरातले लेकरू तापाने फणफणत असे त्या घराला वाटे, आपल्याच लेकराचे नाव घेतले. गुरे दावी तोडत. बाया भरल्या घागरी टाकून घराकडे पळत.

मग गाव वर वीर पाठवी, आणि त्याची रीत ठरलेली होती. वीराचे पाऊल वेशीबाहेर पडले की त्याच क्षणी त्याचा दगड उभा करायचा. वीराने मागे वळून पाहायचे नाही. त्या घटकेपासून त्याचे नाव कोणी घ्यायचे नाही. तो नुसता 'वीर'. घरच्यांनी त्याचे अंथरूण वाटून टाकायचे, आणि दिवेलागणीला आईने दगडापुढे पहिला दिवा लावायचा. माघ सरता सरता आवाज थांबे. लोक म्हणत, वीराने वरच्याला गप्प केले. आजवर कोणी परत आले नव्हते. कधीतरी धुके फाटले की सांजेला घाटमाथ्यावर माणसांच्या आकृत्या ओळीने उभ्या दिसत. त्या हलत नसत, बोलत नसत. "वीर राखण करताहेत," असे म्हणत लोक हात जोडत आणि पोरांना घाईने घरात घेत.

ओळीतला शेवटचा दगड भिवराच्या थोरल्या भावाचा होता. तो गेला तेव्हा ती परकर सावरत धावणारी पोर होती. रोज सकाळी ती त्या दगडावरच्या भाल्याला हात लावी आणि तोच हात कपाळाला लावी. तिच्या मनात देव पुष्कळ होते, पण माणसांत थोर असा एकच होता.

"बाबा, तुम्ही या दगडांना नमस्कार का करत नाही?" तिने एकदा तोडून विचारले.

"त्यातला कोणी माझ्या ओळखीचा नाही, पोरी."

"माझा दादा आहे त्यात."

"असं? कसा होता तुझा दादा?"

"वीर होता."

"ते दगडावर दिसतंय. दादा कसा होता? चिडका होता का? झोपेत दात खायचा का?"

भिवराने आठवून पाहिले. भाला आठवला, अप्सरा आठवल्या, शेंदूर आठवला. त्यामागे कोणाचा तरी चेहरा होता, पण तो काही केल्या पुढे येईना. तिला बाबांचाच राग आला.

त्या वर्षी वरचा पौष लागण्याआधीच ओरडू लागला. चावडीवर गाव जमले. पाटलांनी तरुणांकडे नजर फिरवली तशा माना खाली गेल्या. एकाचा पाय मुरगळला होता. एकाचे लग्न ठरले होते. एकाला तर त्याच क्षणी असा खोकला सुटला की तो चावडीबाहेर गेला आणि परत आलाच नाही.

"मी जाते," भिवरा उभी राहून म्हणाली.

कोणीतरी हसले. पाथरवट डोके खाजवत म्हणाला, "पाटील, दगडावर बाई कशी कोरू? आजवर भाला धरलेला पुरुषच कोरलाय."

"मग भाला धरलेली बाई कोर," भिवरा म्हणाली. "भाला तोच आहे. का तुझी छिन्नी पण खोकायला लागली?"

कोपऱ्यात बसलेली तिची आई पदर घट्ट धरून म्हणाली, "पाटील, माझ्या घरचा एक दगड पुरे नाही का?"

"अक्का," पाटील मायेने म्हणाले, "दोन दगडांची आई पंचक्रोशीत नाही. त्याला भाग्य लागतं."

 आसपासच्या बाया वाकून आईच्या पाया पडू लागल्या होत्या.

निघायच्या सकाळी भिवरा धर्मशाळेत आली. "आशीर्वाद द्या, बाबा."

"परत कधी येशील?"

"वीर परत येत नाहीत."

"मी वीराला विचारत नाही. भिवराला विचारतोय."

"तुम्हाला नाही कळायचं," ती उसळून म्हणाली. "तुम्ही जन्मभर ओसरीवर बसून दुसऱ्यांना शहाणपण शिकवलंत. कधी काही करून पाहिलंत?"

"खरं आहे तुझं. पण कधी येशील, तेवढं सांग."

"दिवेलागणीला येते! झालं?"

"झालं," बाबा म्हणाले आणि काठी घेऊन तिच्यामागून वेशीकडे निघाले.

ढोल वाजले. आईने कपाळावर कुंकू लावले. तिची बोटे बर्फासारखी गार होती. भिवराने वेशीबाहेर पाऊल टाकले आणि पाठीमागे जड काहीतरी खड्ड्यात उतरल्याचा आवाज झाला. तिचा दगड उभा राहिला होता. आपले दिवस घातले जात आहेत आणि आपण मात्र चालत आहोत, असे काहीसे तिला वाटले. थोडे पुढे गेल्यावर मागे गलका ऐकू आला, कोणीतरी कोणाला शिव्या देत होते. तिने वळून पाहिले नाही.

वाट धुक्यात शिरली आणि जग हातभर उरले. पायाखालचा दगड दिसे, पुढचा दिसत नसे. आवाज आता चहूकडून येत होता. एका वळणावर त्याने रांजणासारखा घुमायचे सोडले आणि स्पष्ट म्हटले, "भिवरे."  दुसऱ्या वळणावर तोच आवाज रडला. ती थांबली नाही. तिला दादाचा दगड आठवत होता, आणि त्या दगडावरचा वीर थांबलेला नव्हता.

माथ्यावर पोचताच आवाज इतका जवळून आला की छातीची फासळी न् फासळी थरथरली. तिने भाला उगारला. धुके सरकले. समोर कोणीही नव्हते. भाल्याच्या टोकापुढे होता तो उंच, उघडा कडा, आणि त्या कड्याला आरपार पडलेले नेढे, जेमतेम हात शिरेल एवढे. खालून चढणारा वारा त्यातून घुसत होता आणि ओरडत होता. तिने त्या भोकात हात घातला. आवाज बारीक झाला. हात काढला. आवाज पुन्हा भरला. तिने पुन्हा हात घातला. भिवरा हसू लागली, आणि हसता हसता तिला जाणवले की आपल्याला रडू येते आहे.

"हात काढ आता," पाठीमागून कोणीतरी म्हणाले. "बोटं वाकडी होतात गारठ्यानं."

ती वळली. धुक्यात माणसे उभी होती, ओळीने, जशी ती सांजेला गावातून दिसत तशीच. दाढ्या वाढलेल्या, हात कोळशाने काळे. कोणाच्याही डोळ्यांत हिंस्रपणा नव्हता, फक्त खूप दिवस नाव न घेतल्या गेलेल्या माणसांचा एक प्रकारचा ओशाळलेपणा होता. ओळीतल्या शेवटच्या माणसाकडे ती पाहत राहिली.

"दादा?"

"मोठी झालीस," तो म्हणाला.

"तू जिवंत आहेस!"

"तसं म्हणायचं." तो खडकावर टेकला. "पलीकडच्या उतरणीला कोळसा पाडतो आम्ही. तळकोकणातल्या बाजारात विकतो. तिथं आमची नावं वेगळी आहेत."

"मग घरी का आला नाहीस?"

"आलो होतो की. त्याच संध्याकाळी. पळत आलो होतो, सगळ्यांना सांगायला, की अरे, घाबरू नका, नुसतं भोक आहे!" तो क्षणभर थांबला. "वेशीजवळच्या चिंचेआडून बघितलं. माझा दगड उभा होता. आई दिवा लावत होती. तिच्या तोंडावर असं तेज होतं, भिवरे, की मी जन्मात तसं पाहिलं नव्हतं. बाया तिच्या पाया पडत होत्या. तिथं पुढं होऊन काय सांगू? तुमचा वीर एका भोकाला भिऊन भाला रोखून उभा होता म्हणून?"

"हेच सांगायचं!"

"खाली माझा दगड आहे आणि वर मी आहे. मी उतरलो तर आमच्यातला एक खोटा ठरेल. आणि दगड माझ्यापेक्षा जड आहे."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यावरून तिला कळले की प्रत्येक जण त्याच संध्याकाळी त्याच चिंचेपर्यंत जाऊन परत फिरला होता. त्यांच्यातला सर्वांत वृद्ध माणूस पुढे आला. त्याने ओळीत आपल्या शेजारची जागा पायाने साफ केली.

"ये, इथं उभी राहा," तो प्रेमाने म्हणाला. "थोड्या वेळानं खाली दिवे लागतील. आपापला दिवा इथून दिसतो. आज तुझाही लागेल. पहिल्या दिवशी जड जातं. मग सवय होते."

वरच्याच्या आरोळीने जे झाले नव्हते ते या मायेच्या शब्दांनी झाले. भिवरा भीतीने दोन पावले मागे सरली, कारण ती जागा खरोखरच तिच्या मापाची होती.

"तुम्ही सगळे," ती ओरडली, "अख्खा गाव ज्याला चळचळा कापतो त्याच्यासमोर एकटे भाला घेऊन उभे राहिलात. आणि घाबरलात कशाला? तर आरतीला?"

"आईचा विचार कर," दादा हळूच म्हणाला. "तू खाली गेलीस तर तिचे दोन्ही दगड जातील."

"तिचाच करतेय," असे म्हणून ती वाटेला लागली. पहिल्या वळणापर्यंत तिच्यामागे पावले वाजत होती. मग ती पावले थांबली.

उतार सोपा असतो म्हणतात. भिवराला तो चढापेक्षा कठीण गेला. वेस जवळ येऊ लागली तसे पाय मणामणाचे झाले. वर जाताना मरणाची भीती होती आणि ती भीती अंगावर मिरवता येत होती. आता मात्र नुसती लाज होती, आणि तिला कुठल्याही दगडावर जागा नव्हती. चिंचेपाशी येताच ती नकळत खोडाआड झाली. त्या क्षणी तिला दादाचा राग येईनासा झाला.

वेशीवर धूसर उजेड होता. प्रत्येक वीरगळापुढे दिवा तेवत होता. ओळीच्या टोकाला मात्र अंधार होता. तिचा दगड खड्ड्यातून उपटून तोंडावर पाडलेला होता आणि त्यावर बाबा बसले होते. शेजारी पहार पडली होती. आरतीचे ताट उपडे, शेंदूर मातीत सांडलेला. बाबांच्या कपाळातून रक्त येऊन दाढीत वाळले होते. चार हात लांब गाव उभे होते, काहींच्या हातात अजून धोंडे होते. आई न पेटवलेला दिवा घेऊन मधोमध उभी होती.

"उठा, बाबा," पाटील दरडावत होते. "सकाळपासून सांगतोय. दिवेलागण झाली."

"म्हणून तर बसलोय," बाबा म्हणाले. "तिनं दिवेलागणीचं सांगितलंय."

भिवरा चिंचेआडून बाहेर आली.

पहिली किंकाळी एका पोराची होती. मग धडाधड दारे लागली. उरलेले मागे सरले. पाटलांनी हात जोडले. "वीरा, माघारी जा. आमचं काही चुकलं असेल तर सांग... नाही, सांगू नको. वीर बोलत नाहीत."

"मी वीर नाही, भिवरा आहे. वर कोणी नाही. कड्याला नेढं आहे. त्यातून वारा वाजतो."

"ऐकू नका!" गर्दीतून कोणीतरी ओरडले. "ही ती नव्हे. वरचा तिचं रूप घेऊन उतरलाय!"

हातातले धोंडे वर झाले. भिवरा जागची हलली नाही. आपण ज्या शत्रूला मारायला गेलो होतो तो आता गावासमोर आपल्याच रूपाने उभा आहे, हे तिला दिसले, आणि त्याला मारायला सगळे तयार होते.

तेवढ्यात आई पुढे आली. तिने थोरल्या लेकाच्या दगडापुढचा दिवा उचलला आणि मुलीच्या तोंडाशी धरला. कितीतरी वेळ ती पाहत राहिली. ही माझी मुलगी, असे म्हटले की गेले सगळे, गावातला मान, पाया पडणाऱ्या बाया, इतक्या वर्षांच्या दिव्यांचा अर्थ. सगळे गाव तिच्या ओठांकडे बघत होते.

"वर कोणीच नाही?" आईने विचारले.

"वरचा नाही," भिवरा म्हणाली. "आपलीच माणसं आहेत. शिदूदादा आहे."

ते नाव गावात किती वर्षांनी उच्चारले गेले.  आई घाटाकडे तोंड करून उभी राहिली. माथ्यावरचे धुके फाटले होते आणि आकृत्या ओळीने उभ्या होत्या.

"तिथून दिवा दिसतो त्याला?"

"रोज बघतो."

आईने दिवा तोंडाजवळ नेला आणि फुंकला.

 मग ओळीतल्या दुसऱ्या दगडापाशी एक वाकलेली म्हातारी गेली. तिने आपल्या दिव्याकडे पाहिले, भिवराकडे पाहिले, घाटाकडे पाहिले, आणि पदराने ज्योत दाबली. पाटील तिला अडवायला दोन पावले गेले आणि थांबले. 

भिवरा बाबांपाशी मातीत बसली. पदराचा कोपरा ओला करून त्यांचे कपाळ पुसू लागली.

"दगड का पाडलात?"

"मेलेल्याला दगड पुरतो, पोरी. परत येणाऱ्याला वाट लागते," बाबा म्हणाले. "वर काय आहे ते मलाही ठाऊक नव्हतं. वाघ असता तर उद्या मीच हा दगड पुन्हा उभा केला असता. पण इथं दगड आधी उभा राहतो आणि माणूस मागून त्यात चिणला जातो. एकदा तो चिणला की मरण्याखेरीज दुसरं काही करायची त्याला मुभा उरत नाही. धैर्य त्या सगळ्या पोरांकडे होतं. भाला घेऊन चढायला धैर्य लागतंच. पण 'तिथं काही नव्हतं' असं सांगत, लहान होऊन, चारचौघांत घरी यायला जे लागतं ते फार थोड्यांकडे असतं. ज्याच्याकडे नसेल त्याची वाट निदान आपण अडवू नये."

"हे सकाळीच का सांगितलं नाहीत?"

"ऐकलं असतंस?"

भिवराने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. पण तरी सांगायला हवं होतं."

बाबांनी कपाळावरचा तिचा हात हळूच बाजूला केला. "हो," ते म्हणाले. "सांगायला हवं होतं."

काही वेळाने घाटवाटेवर खडी सरकल्याचा आवाज झाला. एक माणूस धुक्यातून उतरत आला आणि वेशीपाशी थबकला. त्याच्यामागे, अजून धुक्यातच, आणखी कोणीतरी उभे होते. गाव पाहत राहिले. वीराला निरोप कसा द्यायचा, दगड कसा पुजायचा, दिवा कुठे ठेवायचा, सगळ्याची रीत गावाकडे होती. परत आलेल्याचे काय करायचे याची मात्र कोणालाही माहिती नव्हती. ढोल वाजवणाऱ्याने ढोलाकडे पाहिले आणि तो खाली ठेवला.

तो माणूस काळे हात पाठीमागे लपवून मान खाली घालून उभा होता. आई त्याच्या वाटेतून जरा बाजूला सरली, त्याला जायला जागा होईल एवढीच.

"थंडी आहे," ती म्हणाली. "आत चल."

आपणही आपल्या थोर माणसांचे दगड फार घाईने उभे करतो. हात जोडण्याआधी, त्या माणसाला आपल्यात परत यायला वाट उरली आहे का, एवढे पाहावे.